मळ गेला कुठे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



कपडे धुतले की मळ गेला, असे आपण म्हणतो. पण गेला म्हणजे नेमका कुठे गेला? सत्संगात मनाच्या मळाबद्दल आपण नेहमी बोलतो. आज जरा कपड्यांच्या मळाबद्दल बोलू या.

आपल्या इंदूरकरांना याचे उत्तर लांब शोधायला नको. आपल्या नळाचे पाणी नर्मदेचे. जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून ते आणावे लागते. ज्या मैयाला आपण "नर्मदे हर" म्हणून हात जोडतो, तीच सकाळी आपल्या वॉशिंग मशीनमध्ये उतरते. पुढे शहराचे सांडपाणी कान्ह नदीत जाते, म्हणजे आपण इतकी वर्षे जिला खान नदी म्हणत आलो तिच्यात. आणि कान्ह उज्जैनला त्रिवेणीपाशी शिप्रेला मिळते. २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. आपण स्नानाला पोहोचू त्याआधी आपल्या मोरीचे पाणी तिथे पोहोचलेले असेल.

शुद्धीकरण केंद्रे आहेत, ती हवीतच. पण साबण-पावडरींमधला फॉस्फेट साध्या प्रक्रियेत पुरता निघत नाही. तो पाण्यातल्या शेवाळाला आणि जलपर्णीला खतासारखा लागतो. शेवाळ माजते, मग मरून कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडतात. आपल्या घरातला मळ दुसऱ्याच्या घाटावर नेऊन ठेवणे, याला शुद्धी म्हणायचे का? सोवळे जपताना आपण किती काटेकोर असतो! पण ते सोवळे मोरीच्या जाळीपाशी संपते का, हा आजचा प्रश्न.

आणखी एक गंमत पाहा. पांढरेशुभ्र म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यातले बरेचसे नुसते दिसणे असते. नीळ पिवळेपणा झाकते. पावडरीतली चकाकी आणणारी द्रव्ये कापडावर बसून राहतात आणि उन्हात निळसर उजेड देतात. मळ त्यांनी जात नाही. फेसाचेही तसेच. फेस जास्त म्हणजे कपडा जास्त स्वच्छ, असे मुळीच नाही. साधकाने दिसणे आणि असणे यातला फरक ओळखावा, तो बादलीजवळ बसूनही ओळखता येतो.

मग करायचे काय? आपल्या आज्यांच्या घरी रिठे होतेच. आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून रात्री लिटरभर पाण्यात भिजत घालावेत, सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळून गाळावेत. महेश्वरी साडी, रेशमी सोवळे, लोकरीचे स्वेटर यांना हे पाणी साबणापेक्षा मानवते, कारण साबणाचा क्षार रेशमाला सोसत नाही. हे पाणी दोन-तीन दिवसांतच आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबते. रोजच्या सुती कपड्यांना साधा साबण आणि थोडा धुण्याचा सोडा पुरतो. कडक ऊन तर फुकटचे जंतुनाशक!

पण नैसर्गिक म्हणजे निर्दोष, असेही समजू नका. रिठ्याचे पाणी थेट तळ्यात ओतले तर माशांना घातकच आहे. त्याचा गुण एवढाच, की ते निसर्गात लवकर विरते. म्हणून सर्वांत मोठा उपाय रिठाही नाही. कमी धुणे हा आहे. एकदा दोन तास अंगावर घातलेला कुर्ता वाऱ्यावर टाकला तरी चालतो. मशीन भरल्याशिवाय लावू नये, पावडर मोजून घालावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. व्रत घराने घ्यायचे आणि रिठे फोडायचे फक्त सुनेने, हा धर्म नव्हे. आपले कपडे आपण वाळत घालावेत, आपणच घडी करावेत, दादा-काकांनीसुद्धा. धुणे स्वतःच्या हाताने केले की कपडा उगाच मळवणे आपोआप कमी होते.

कोणी म्हणेल, एवढी घाण कारखान्यांची आणि नाल्यांची, आमच्या एका बादलीने काय फरक पडणार? खरे आहे, नदी एका बादलीने स्वच्छ होणार नाही. कारखान्यांना आणि महापालिकेला जाब विचारायलाच हवा. पण शेजारचा जप करत नाही म्हणून आपण माळ खाली ठेवतो का? आपल्या वाट्याची बादली आपली. आणि जो आपली बादली सांभाळतो, त्याच्या जाब विचारण्यालाही वजन येते.

येत्या गुरुवारपासून एवढाच नेम करू या: मोरीत पाणी सोडताना क्षणभर शिप्रामाईची आठवण. मग पावडरीचा हात आपोआप आखडेल. कोणाच्या घरी काय जमले, काय नाही जमले, ते गटावर जरूर कळवा.

गुरुमाऊली सर्वांना सद्बुद्धी देवो. 🙏

आपल्या सेवेकरी भगिनी, इंदूर