तळघरातला पोलाद कारखाना

लहानपणी दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला करायचो. तो नेहमी सिंहगडच असायचा, कारण दुसरा कुठला आम्हाला येत नसे. खरं म्हणजे सिंहगडही येत नसे. मावळा बुरुजापेक्षा उंच, वाघ मावळ्यापेक्षा लहान, आणि सिंहासनावरचे महाराज उठून उभे राहिले असते तर तटबंदी त्यांच्या गुडघ्याला लागली असती. पण अळीव उगवून आलं की डोंगर हिरवा व्हायचा आणि आमच्या दृष्टीनं इतिहास पूर्ण व्हायचा.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो अमेरिकेत पिट्सबर्गला असतो. पोटासाठी कॉम्प्युटरचं काहीतरी करतो आणि जिवासाठी तळघरात पोलाद कारखाना चालवतो. हा कारखाना खऱ्याच्या बरोब्बर एक सत्त्याऐंशीअंश. रेल्वेच्या मॉडेलवाल्यांचं ते ठरलेलं माप आहे. या मापात माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. मी त्याला आमच्या सिंहगडाबद्दल सांगितलं तेव्हा त्यानं असं तोंड केलं की जणू मी लहानपणच्या चोरीची कबुली देत होतो.

गेल्या वर्षी आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. ताई आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे अण्णा, आठवड्यानं यायचे होते. पहिल्याच संध्याकाळी भाच्यानं मला तळघरात नेलं. मला वाटलं, आगगाड्या दाखवील. आगगाड्या होत्या, पण त्याचा जीव होता ओझी वाहणाऱ्या अवजड धुडांवर.

एक होती सिगारच्या आकाराची रुळांवरची गाडी. भट्टीतून निघालेला लोखंडाचा रस पोटात घालून न्यायची. आतून भट्टीच्या विटांचं अस्तर, आणि रस ओतायचा झाला की ती कुशीवर वळते. खऱ्या गाडीत दोनशे टन रस सहज मावतो. दुसरी रबरी टायरांची, इलिनॉय राज्यातल्या क्रेस कंपनीच्या धर्तीची. लोखंड वितळलं की वर मळी तरंगते, तिला स्लॅग म्हणतात. ती ज्यात धरतात ते भांडं थेट आपल्या घंगाळासारखं दिसतं, फक्त आत पाचसहा माणसं अंघोळ करतील एवढं. ही गाडी त्या घंगाळाकडे पाठीमागून जाते, दोन लोखंडी हातांनी त्याचे कान धरते, पाठीवर घेते आणि दूर नेऊन उपडं करते. तिसरी तर लाल पाट्यांच्या चळतीवर चालत जाते, चळत चाकांच्या मध्ये घेते आणि पोटाखाली चिमट्यात धरून निघते.

"मामा, या गाड्यांना कुणी सुंदर करायचा प्रयत्नच केलेला नाही," भाचा म्हणाला. "जे उचलायचं त्यानं यांना आकार दिलाय."

मला हे पटलं. आमच्या हिला पटलं नाही. "घरातलं घंगाळ उचलायला सांगितलं की यांची कंबर धरते," एवढंच ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

भाचा नवी कोरी गाडी विकत आणतो आणि मग महिनाभर बसून ती जुनी करतो. गंजाची पूड, काजळीचा हात, तेलाचे ओघळ. आमच्या पुण्याच्या घराचं फाटक बारा वर्षं फुकट गंजतंय. त्याची कदर कुणी केली नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी हिशेब करत पडलो. लांबी सत्त्याऐंशीनं कमी झाली तर वजन सत्त्याऐंशीनं कमी होत नाही. ते सत्त्याऐंशी गुणिले सत्त्याऐंशी गुणिले सत्त्याऐंशी, म्हणजे साडेसहा लाखांनी कमी होतं. गॅलिलिओनं १६३८ सालच्या ग्रंथात हाडांच्या चित्रासकट सांगून ठेवलंय की राक्षस म्हणजे नुसता मोठा केलेला माणूस नव्हे. उलटही तितकंच खरं असणार. दोनशे टन रसाचं या मापात होतं तीनशे ग्रॅम. पाव किलो चिवडा आणि वर मूठभर. पण उष्णतेचं काय? भट्टीतून रस निघतो दीड हजार अंशांच्या आसपास. त्याला सत्त्याऐंशीनं भागलं तर येतात सतरा. सतरा अंशांत लोखंड कसलं, वनस्पती तूपसुद्धा वितळत नाही. म्हणजे उष्णता लहान होतच नाही. ती असते तरी, नाहीतर नसते. भाच्याच्या गाडीत ती नव्हती. तिथं नारिंगी प्लॅस्टिक होतं आणि खाली इवलासा दिवा.

इथून माझं डोकं बिनसलं. ज्याच्या जवळ आपण क्षणभर उभे राहणार नाही, त्याच्यातली आग काढून घ्यायची, वजन काढून घ्यायचं, आणि उरलेल्यावर प्रेम करायचं, हे प्रेम खरं म्हणायचं का? आमच्या ताईला भातुकलीतली चूल इतकी आवडायची की ती उशाशी घेऊन झोपायची. आई खऱ्या चुलीपुढे डोळे चोळत बसलेली असायची. तिला कुणी विचारलं नाही, तुला चूल आवडते का.

सकाळी मी हे भाच्याला बोलून दाखवलं. सकाळी सात वाजता तत्त्वज्ञान ऐकून घेणारा भाचा दुर्मिळ, पण त्यानं ऐकलं.

"मामा, तुम्ही सिंहगड करायचात. तानाजी तिथंच पडला ना?"

"१६७० साली."

"मग तुम्ही अळीव पेरताना त्याचा विचार करायचात का?"

मी पोह्यांत लक्ष घातलं.

मग त्यानं आम्हाला गावभर फिरवलं. मोनाँगहेला नदीवर 'हॉट मेटल ब्रिज' नावाचा पूल आहे. एकेकाळी या पुलावरून वितळलेलं लोखंड गाड्यांत भरून नदीपार जायचं. आता सायकलवाले जातात. होमस्टेडचा कारखाना १९८६ साली बंद पडला. १८९२ साली तिथं मालकाच्या भाडोत्री शिपायांशी कामगारांची लढाई झाली होती आणि दोन्हीकडची माणसं मेली होती. आज तिथं दुकानं आहेत आणि बारा धुराडी शोभेला ठेवली आहेत. गावाबाहेर एका टेकाडावर पूर्वी रात्री स्लॅग ओतायचे. उतारावरून आगीचा ओघळ जायचा, आभाळ लाल व्हायचं, आणि लोक गाड्या लावून ते बघत बसायचे. बरोबर मुलंबाळं, नाहीतर प्रेयसी. पुढे त्याच स्लॅगच्या ढिगावर १९७९ साली मोठा मॉल झाला. तोही २०१९ मध्ये बंद पडला.

म्हणजे आग जिवंत असतानाही लोक ती बघायला जातच होते. फक्त लांबून. परतताना गाडीत मी आणखी एक भागाकार केला. दोन फुटांवरून मॉडेल बघणारा माणूस खऱ्या हिशेबानं १७४ फुटांवर उभा असतो. मॉडेल म्हणजे लहान केलेली वस्तू नव्हेच, ते हाताशी आणून ठेवलेलं अंतर आहे. मला ही कल्पना फार आवडली. हिला सांगितली तर ती म्हणाली, "पट्टा लावा."

मग ताई आणि अण्णा आले. अण्णांनी पस्तीस वर्षं एका पोलाद कारखान्यात काढली. कोणत्या ते सांगत नाही. त्यांचं काम स्लॅगच्या आवारात. घरी त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. उन्हाळ्यात जेवताना मीठ वरून घ्यायचे, आणि उजव्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गुळगुळीत होती. एवढंच आम्हाला ठाऊक. हा कारखाना भाच्यानं कुणासाठी उभा केला होता ते मला अण्णांना तळघरात उतरवताना कळलं. त्यानं बापाचा हात धरला होता आणि त्याचाच हात थरथरत होता.

दिवे लागले. घंगाळगाडी नारिंगी झाली. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, कमरेत वाकले आणि नाक मॉडेलला लागेल इतके जवळ गेले. चार बोटांवर. मी मनातल्या मनात भागाकार न करता गुणाकार केला, वीसएक फूट. ते नेहमी उभे राहायचे तिथं उभे राहिले होते.

"इथं पाणी कुणी ठेवलं?"

ओतायच्या जागेशी एक चकाकतं डबकं होतं. ते आम्हा सगळ्यांना आवडलं होतं. गाडीचं प्रतिबिंब त्यात दिसायचं.

"पाऊस पडून गेलाय असं दाखवलंय, बाबा. रेझिन आहे ते."

"आणि गाडी इथंच ओतणार?"

"हो."

"ओल्यावर?"

भाचा गप्प. अण्णाच मग हळू म्हणाले, "ओल्यावर स्लॅग पडली की पाण्याची वाफ होते आणि बार उडतो." डबक्याच्या काठाशी दोन सेंटिमीटरचा एक माणूस पिवळी टोपी घालून उभा होता, गोंदानं पक्का चिकटवलेला. अण्णांनी त्याच्या पायाखाली नख घातलं. कट् असा आवाज झाला. त्यांनी त्याला चिमटीत उचललं आणि मागच्या पत्र्याच्या शेडआड नेऊन उभं केलं.

"तिथं तो दिसणार नाही, बाबा."

"नको दिसू दे."

डबकं मात्र निघेना. अण्णा बराच वेळ ते नखानं खरवडत होते, भाचा दिवा धरून शेजारी उभा होता, आणि वरून ताई चहा गार होतोय म्हणून हाका मारत होती.