‘खुशाल’: एका शब्दातील निवाडा

फार्सी ‘खुश’ आणि मूळ अरबी ‘हाल’ यांच्या जोडातून ‘खुशाल’ आला. ज्याची स्थिती चांगली, ज्याचे मन आनंदी, तो खुशाल. जुन्या पत्रव्यवहारात मंडळी खुशाल असल्याचे कळविण्याचा शिष्टाचार होता. आज कोणी ‘मी खुशाल आहे’ म्हटले तर ते जुनाट वाटते. हिंदीत ‘खुशहाल’ संपन्नतेकडे झुकला. मराठीने मात्र त्याचे क्रियाविशेषण केले, आणि तेथे तो नीतीच्या प्रांतात शिरला.

‘खुशाल घ्या’ यात मोकळी परवानगी आहे. ‘जायचे तर खुशाल जा’ यात रोषाने दिलेली. पण ‘आई आजारी असताना हा खुशाल सिनेमाला गेला’ या वाक्याचे काय? जाणाऱ्याच्या मनात काय होते हे वक्त्याला ठाऊक नसते. कदाचित तो आजारपणाच्या धास्तीने घराबाहेर पडला असेल. तरीही भाषा त्याच्यावर आनंद लादते. खरे तर आनंदही नव्हे, टोचणीचा अभाव. ‘बिनदिक्कत’ बाहेरचा अडसर नाकारतो, ‘खुशाल’ आतला. व्याकरणात शब्द कर्त्याच्या क्रियेला लागतो, अर्थात तो वक्त्याचा निवाडा असतो. (‘खुशालचेंडू’मध्ये या निवाड्याला थोडी असूयाही चिकटलेली दिसते.)

हा निवाडा नेमका कशावर? तोच मुलगा पडल्या चेहऱ्याने गेला असता तर आईला अधिक उतार पडला नसता. पण ‘खुशाल’ म्हणता आले नसते. म्हणजे मागणी मदतीची नसून दुःखाच्या खुणेची आहे. पतंजलींनी सुखी माणसाविषयी मैत्री आणि अपुण्याविषयी उपेक्षा सांगितली. ‘खुशाल’ म्हणणाऱ्याला यांपैकी काहीच साधत नाही. त्याला निव्वळ दांभिक ठरविणे मात्र मला मान्य नाही. दुसऱ्याच्या वेदनेची जाण कृतीत उतरत नसली तरी मनात उरावी, ही अपेक्षा क्षुद्र नाही. अडचण एवढीच, की ती उरली की नाही हे बाहेरून ठरविले जाते.

कथनमीमांसेत या शब्दाकडे पुरेशा बारकाईने पाहावयास हवे. तृतीयपुरुषी निवेदनात ‘तो खुशाल झोपला’ असे आले, तर ते ‘खुशाल’ निवेदकाचे, की उशाशी जागणाऱ्या पात्राचे?