सारथ्याची परीक्षा

कठोपनिषदातील रथाचे रूपक गीतेच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी हा सारथी आणि आत्मा हा रथाचा स्वामी. या रूपकाचा उपयोग बहुधा इंद्रियनिग्रहाच्या उपदेशासाठी होतो. परंतु पक्षाघातातून उठलेला गृहस्थ काही महिन्यांनी आपल्या मोटारीची किल्ली पुन्हा मागू लागतो, तेव्हा त्याच्या घरी हे रूपक अक्षरशः समोर उभे राहते.

अशा वेळी घरची मंडळी काय पाहतात? हात उचलतो की नाही, पाय नीट पडतो की नाही, वाचा स्पष्ट झाली की नाही. म्हणजे तपासणी होते ती घोड्यांची आणि चाकांची. वस्तुतः हातापायांच्या दुर्बलतेवर पुष्कळ उपाय आहेत. एका हाताने स्टिअरिंग फिरविता यावे म्हणून त्यावर मूठ बसविता येते. उजवा पाय निकामी असेल तर वेग वाढविण्याचे पायटे डाव्या पायाकडे नेता येते. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानेही शारीरिक व्यंगानुसार बदल केलेल्या वाहनाच्या परवान्याची सोय ठेवली आहे.

खरी अडचण सारथ्याची आहे. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागास इजा झालेल्या काही रोग्यांना डावीकडचे जग डोळ्यांना दिसत असूनही त्याची दखल घेता येत नाही. ताटातील उजवीकडचे अन्न संपते आणि डावीकडचे तसेच राहते; दाढी होते ती अर्ध्याच चेहऱ्याची. आणि असा मनुष्य आपणांस काहीच झालेले नाही असे अगदी मनापासून सांगतो. दुसऱ्या काहींच्या दृष्टिक्षेत्राचा अर्धा भागच नाहीसा झालेला असतो. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. कडेने चालणारे लोक, सायकलस्वार, बसमधून उतरणारी मुले ही सारी त्याच बाजूला असतात. घरात ताट फिरवून दिले की भागते. रस्ता कोणी फिरवून देत नाही.

न्यायशास्त्रात आप्ताची दोन लक्षणे मानली आहेत: वस्तू जशी आहे तशी त्याने जाणलेली असावी, आणि जाणलेले तसेच सांगण्याची त्याची इच्छा असावी. येथे दुसरे लक्षण पूर्णपणे आहे, पहिले मात्र असेलच असे नाही. ‘मी ठीक आहे’ हे वडिलांचे वाक्य प्रामाणिक असते. तेवढ्याने ते प्रमाण होत नाही. ज्या इंद्रियाने उणीव कळावयाची तेच उणे झाले असेल तर साक्ष कोणाची घ्यावी? परवान्याच्या अर्जासोबतचा नमुना क्रमांक १ पाहिला तर त्यात अपस्मार, भोवळ, हातापायांच्या स्नायूंची दुर्बलता यांविषयी प्रश्न आहेत; पक्षाघाताचे नाव नाही, आणि उत्तर देणारा स्वतः अर्जदारच असतो. चाळिशी उलटलेल्यांस वैद्यकीय प्रमाणपत्र लागते हे खरे, पण परवाना हाती असताना मधल्या वर्षांत झटका आला तर निर्णय बहुधा घरातच होतो.

तो निर्णय दोन प्रकारे चुकतो. एक, वडिलांच्या शब्दास नाही कसे म्हणावे या संकोचाने किल्ली दिली जाते. दुसरा प्रकार अधिक सभ्य दिसतो. किल्ली लपविली जाते, गाडी बिघडल्याचे सांगितले जाते, अथवा ‘आता तुमच्याने व्हायचे नाही’ हे रोज प्रेमाने ऐकविले जाते. कर्णाच्या रथावर बसलेल्या शल्याने याहून वेगळे काय केले? त्याने लगाम सोडले नाहीत. रथीचे तेज मात्र हरण केले. सतराव्या अध्यायातील वाणीच्या तपात सत्य, प्रिय आणि हित ही एकत्रच मागितली आहेत. त्यांतील सत्य गाळून उरलेल्यास वात्सल्य म्हणण्याची रीत घरोघरी आहे, एवढेच.

दोन्ही प्रकारांत परीक्षा झालेलीच नसते. नेत्रतज्ज्ञाने दृष्टिक्षेत्र मोजावे, व्यवसायोपचार तज्ज्ञाने अवधान आणि निर्णयाचा वेग तपासावा, मग दुहेरी ब्रेकच्या गाडीत शिक्षकास शेजारी बसवून आधी मोकळ्या मैदानात आणि नंतर रहदारीत प्रत्यक्ष पाहावे, असा हा क्रम आहे. दुहेरी ब्रेकची गाडी तर शहरातील वाहनशिक्षण शाळांत असतेच. ब्रिटनमध्ये साध्या मोटारीच्या चालकाने पक्षाघातानंतर निदान एक महिना आणि जड वाहनाच्या चालकाने एक वर्ष थांबावे असा नियम आहे. पण थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे. अभ्यासाने काय साधते याचे प्रमाण बेल्जियममधील एका प्रयोगात मिळते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ८३ रोग्यांपैकी काहींनी पाच आठवड्यांत पंधरा तास, मोटारीचा भास निर्माण करणाऱ्या यंत्रावर सराव केला. इतरांनी तेवढाच वेळ वाहनविषयक बौद्धिक सराव केला. पुढील अधिकृत परीक्षेत पहिल्या गटातील ७३ टक्के आणि दुसऱ्यातील ४२ टक्के लोक वाहन चालविण्यास योग्य ठरले.

सारथी पुन्हा घडविता येतो, आणि सर्वांचा घडत नाही, या दोन्ही गोष्टी त्या आकड्यांत आहेत. म्हणूनच साहाय्य करणाऱ्याने निकाल मनात आधी ठरवून ठेवू नये. मुलाने ‘नाही’ ठरवून नेलेली परीक्षा आणि वडिलांनी ‘हो’ ठरवून दिलेली परीक्षा, दोन्ही फलासक्तीचीच रूपे होत. फलाचा अधिकार येथे रस्त्यावरच्या त्या अनोळखी मुलाकडेही आहे, ज्यास कोणी विचारावयास जात नाही.

सर्वांत कठीण प्रसंग मालमोटारीच्या चालकाचा. त्याचे वाहन अधिक जड, म्हणून कसोटी अधिक कडक हवी. आणि त्याच कसोटीवर घरची चूल अवलंबून असते. त्याला ‘नाही’ म्हणणाऱ्या भावाने, मुलाने, मालकाने त्या चुलीचा भार आपणही उचलला नाही, तर त्यांचे सत्य फार स्वस्त पडले असे म्हणावे लागेल. गोदामातील नोंदीचे, नव्या चालकांस वाटा आणि घाट समजावून देण्याचे काम त्याला येते. ते त्याला शोधून द्यावे लागते.

घरच्या मोटारीच्या बाबतीत भार हलका आहे, पण रोजचा आहे. वडिलांना खुपते ते मोटार जाण्यापेक्षा प्रत्येक वेळी विचारावे लागणे. मंगळवारी मंदिर, पहिल्या तारखेस बँक, रविवारी जुन्या मित्राचे घर असे वार ज्या मुलाने ठरवून दिले आणि वेळेवर गाडी दाराशी आणून उभी केली, त्याच्याकडे वडिलांनी किल्ली स्वतः होऊन ठेवावयास दिल्याचे पाहावयास मिळते.