त्याचंही पान मांडा

परंपरा पाळणाऱ्या ज्यू घरात शुक्रवारची संध्याकाळ ही आठवड्यातली सगळ्यात मोठी वेळ. सूर्य मावळायच्या आत आई मेणबत्त्या लावते. टेबलावर दोन पाव कापडाखाली झाकून ठेवलेले असतात. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो आणि जेवायला बसण्याआधी वडील एकेका लेकराच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मुलगा असेल तर तो एफ्राईम आणि मनश्शेसारखा व्हावा, मुलगी असेल तर सारा, रिबका, राहेल आणि लेआसारखी. बाळ मांडीवर असल्यापासून ते लग्नाचं होईपर्यंत, आणि पुढेही.

त्या हाताखाली एखादा पंधरा वर्षांचा मुलगा उभा असतो. आपल्याला मुलींबद्दल नव्हे, मुलांबद्दल ओढ वाटते, हे त्याला कळून चुकलेलं असतं. घरात कुणाला ठाऊक नसतं. आशीर्वाद कानावर पडत असतो आणि मनात एकच धास्ती: यांना कळलं, तर पुढच्या शुक्रवारी हा हात माझ्या डोक्यावर येईल का?

बाहेरून पाहणारा सहज म्हणतो, एवढं जाचक आहे तर सोडून द्यावं सगळं. पण अशा कितीतरी मुलांना सोडायचं नसतंच. प्रार्थना त्यांची असते, सण त्यांचे असतात, ती गाणी त्यांनीच बालपणापासून म्हटलेली असतात. शिवाय सोडायचं म्हणजे काय काय सोडायचं? शाळा, सिनेगॉग हे प्रार्थनास्थळ, मित्र, शेजार, उद्याची नोकरी, सगळं एकाच वर्तुळात असतं. हसिदी या कर्मठ पंथाच्या काही वस्त्यांत तर घरची भाषाही यिद्दिश. त्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकणारं पोर एका रात्रीत परकं होतं. २००१ साली सँडी सिम्खा डुबॉव्स्की यांचा ‘ट्रेम्बलिंग बिफोर जी-डी’ हा माहितीपट आला, तेव्हा त्यात बोलणाऱ्या कितीतरी धर्मनिष्ठ समलिंगी माणसांनी चेहरा दाखवला नव्हता. पडद्यामागच्या सावल्या होऊन ती बोलली. देवावरचं प्रेम मात्र त्यांनी लपवलं नाही.

आईवडिलांचीही एक भीती असते, आणि ती मराठी माणसाला समजावून सांगायला नको. या समाजात लग्नं मध्यस्थामार्फत ठरतात. घराण्याची चौकशी होते, भावंडांची होते. थोरल्याचं ‘असं काही’ बाहेर फुटलं, तर धाकटीला स्थळ येईल का, हा विचार आईच्या मनात मुलाच्या रडण्याआधी येतो. ती दुष्ट नसते. घाबरलेली असते. म्हणून मुलाला आधार द्यायचा असेल, तर आईवडिलांनाही कुणीतरी धरायला हवं. अमेरिकेत ‘एशेल’ ही संस्था २०१० पासून हेच करते आहे. ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, आईबापांना ती एकत्र आणते, कारण अशा वेळी दुसऱ्या आईनं सांगितलेलं जितकं पोचतं, तितकं तज्ज्ञाचं पोचत नाही. मुलांसाठी न्यूयॉर्कमध्ये ‘ज्युइश क्वीअर यूथ’ आहे. ऑर्थोडॉक्स, हसिदी, सेफार्दी घरांतली तेरा ते तेवीस वर्षांची मुलंमुली तिथं येतात, समुपदेशकाशी बोलतात, एकत्र जेवतात. इथं शब्बाथ म्हणजे काय हे कुणाला समजावावं लागत नाही आणि स्वतःला लपवावंही लागत नाही. ही दोन्ही सुखं एकाच खोलीत मिळणं किती दुर्मीळ आहे, हे त्या मुलांनाच ठाऊक.

धर्मशास्त्राचं काय, हा प्रश्न येणारच. पुरुषानं पुरुषाशी संग करू नये हे सांगणारं लेवीय ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातलं बाविसावं वचन तिथं आहे, आणि ऑर्थोडॉक्स राब्बी, म्हणजे धर्मगुरू, ते बाजूला ठेवणार नाहीत. ते आधी बदललं पाहिजे असा हट्ट मी धरत नाही. तोवर मुलानं कुठं जावं, एवढंच मला विचारायचं आहे. त्याच परंपरेत जीव वाचवण्याचं कर्तव्य इतकं मोठं मानलं आहे की त्यापुढे शब्बाथही मोडायचा असतो. माणसाच्या सन्मानाला तालमूद या धर्मग्रंथात फार वरचं स्थान आहे, आणि शब्दांनी कुणाला दुखावणं हे तिथं पाप आहे. २०१० साली शंभराहून अधिक ऑर्थोडॉक्स राब्बी आणि शिक्षकांनी एका निवेदनावर सह्या केल्या. धर्मातली मनाई त्यांनी जशीच्या तशी ठेवली, आणि तरीही लिहिलं की समलिंगी माणसाला सिनेगॉगमध्ये सामावून घ्यावं, ‘बदलण्याच्या’ उपचारांची सक्ती करू नये, भिन्नलिंगी लग्नासाठी त्याला भरीस पाडू नये. २०१८ मध्ये ब्रिटनचे मुख्य राब्बी एफ्राइम मर्विस यांनी ‘केशेत यूके’ या संस्थेच्या साथीनं ऑर्थोडॉक्स शाळांसाठी मार्गदर्शिका काढली. अशा मुलांचा छळ होऊ न देणं ही शाळेची जबाबदारी आहे, हे त्यांनी धर्माच्याच आधारानं सांगितलं. मला ही पुस्तिका मोलाची वाटते. मूळ वाद तिनं मिटवलेला नाही, पण तो मिटेपर्यंत मुलांना वाऱ्यावर सोडलेलंही नाही.

मुलाला बदलून देतो म्हणणाऱ्यांपासून मात्र दूर राहावं. न्यू जर्सीत ‘जोना’ नावाची ज्यू संस्था असे उपचार विकत होती. २०१५ साली तिथल्या ज्यूरीनं ती ग्राहकांची फसवणूक ठरवली, आणि संस्था बंद पडली.

ट्रान्सजेंडर मुलांची वाट याहून अवघड. सिनेगॉगमध्ये पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला, मध्ये आडोसा. आपण कुठल्या बाजूला जायचं, या प्रश्नानंच त्यांची प्रार्थना सुरू होते.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची इथं आठवण होते. अलिबाग, रेवदंड्याच्या गावांत घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’. कित्येक पिढ्या त्यांच्याकडे राब्बी नव्हते, ग्रंथ नव्हते. धर्म टिकला तो घरात, चुलीपाशी, शब्बाथ पाळण्यात. ज्या धर्मात घराला एवढी ताकद आहे, तिथं मुलाचं घर सुटणं म्हणजे त्याचा धर्मही सुटणं. आणि घर राहिलं, तर बाकीचं पुष्कळसं तरतं.

‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’ या अमेरिकी संस्थेनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसलं, की स्वीकारणारं एक जरी मोठं माणूस आयुष्यात असेल, तर समलिंगी, ट्रान्सजेंडर मुलांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी असतं. एक माणूस. ते आजोबा असू शकतात, मावशी असू शकते, शाळेतल्या बाई असू शकतात.

तेव्हा असं एखादं मूल आपल्याकडे येऊन बोललं, मग ते ब्रुकलिनचं असो, अश्दोदचं असो की ठाण्याचं, तर वचनं आणि शास्त्रं नंतर काढा. आधी त्याला विचारा, जेवलास का. आणि शुक्रवारी घरी ये म्हणून सांगा.