आवडत्या माणसाचे पटते तेव्हा

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर रस्ते झाडायचे, गटारे साफ करायची आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. समोर बसलेल्यांनी आपल्याच दारातली घाण या माणसाला उचलताना पाहिलेले असे. त्यामुळे बाबांनी तोंड उघडायच्या आधीच गाव त्यांचे झालेले असे. त्यांच्या प्रभावाचा उलगडा आपण बहुधा इथेच थांबवतो: माणूस आवडला, म्हणून त्याचे म्हणणे पटले. मला हे अर्धेच खरे वाटते.

एवढा जीव लावलेल्या माणसाने नुसते 'अंधश्रद्धा सोडा' म्हटले असते, तरी पुष्कळांनी माना डोलावल्या असत्या. बाबा मात्र प्रश्न विचारत. सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नाव वर येते, मग लढाईत समुद्रात बुडालेली जहाजे पूजा घालून वर का काढत नाहीत? उत्तर लोकांनीच द्यायचे. आपल्या तोंडून निघालेले उत्तर माणूस घरी घेऊन जातो.

शेली चेकन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांना एका वक्त्याचे म्हणणे वाचायला दिले. काहींच्या मजकुरात तो विद्यार्थ्यांचे कौतुक करत होता, काहींच्या मजकुरात त्यांना नावे ठेवत होता. ज्यांना या विषयावर पुढे बोलावे लागणार नव्हते, त्यांचे मत वक्ता आवडला की नाही यावर हलले. ज्यांना पुन्हा येऊन त्याच विषयावर चर्चा करायची होती, त्यांनी मुद्दे किती आहेत ते पाहिले. आणि त्यांचे बदललेले मत अधिक टिकले.

आवडीवर विसंबणे म्हणजे मूर्खपणा, असे मी म्हणणार नाही. प्रत्येक गोष्ट मुळापासून तपासायला कुणाला वेळ आहे? अडचण वेगळीच आहे. आवडत्या माणसाला प्रश्न विचारणे आपल्याला अविश्वास दाखवण्यासारखे वाटते. नात्यातला मुलगा गुंतवणुकीची योजना घेऊन घरी येतो, चहा होतो, आईच्या गुडघ्यांची चौकशी होते, मग तो फॉर्म पुढे सरकवतो. 'पैसे मध्येच काढता येतील का?' हा साधा प्रश्न ओठांवर येऊन परततो. सही होते. भीड भिकेची बहीण हे आपल्याला पाठ आहे, तरीही. परक्या विक्रेत्याला हाच प्रश्न आपण दारातच विचारला असता.

म्हणून जबाबदारी ऐकणाऱ्याइतकीच, किंबहुना जास्त, आवडत्या माणसाची आहे असे मी मानतो. भीड त्याच्यामुळे पडलेली असते, ती मोडायलाही त्यानेच पुढे व्हायला हवे. लोकांचे प्रेम मिळाल्यावर जो नेता किंवा गुरू प्रश्न नकोसे करतो, तो त्या प्रेमाचा गैरवापर करतो, मग त्याचे म्हणणे कितीही बरोबर असो.

ही भीड मोडणे किती साध्या पातळीवर घडते ते लसीकरणाच्या दिवशी दिसते. बाळंतपणात दवाखान्यापर्यंत सोबत आलेल्या आशाताईंच्या शब्दावर आई दीड महिन्याच्या बाळाला घेऊन येते. टोचून झाल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, कोणता त्रास होऊ शकतो, पुन्हा कधी यायचे आणि कार्ड जपून ठेवायचे. यातली दुसरी गोष्ट गिळून टाकायचा मोह मोठा असतो. 'काही होत नाही गं' म्हटले की आई लगेच निश्चिंत होते. पण त्याच रात्री बाळाला ताप आला तर ताईंचा शब्द आणि लस दोन्ही एकदमच पडतात, आणि अडीच महिन्यांचा डोस चुकतो. 'ताप येईल, घाबरू नकोस, काय करायचं ते सांगते, आणि काही विचारायचं असेल तर आत्ताच विचार' असे सांगितलेल्या आईला रात्री ताप दिसतो तेव्हा ताईंचे म्हणणे खरे ठरलेले असते. पुढच्या वेळी सासू नको म्हणाली, तर तिला काय सांगायचे हेही त्या आईला ठाऊक असते.