प्रयोगातला नियम आणि कर्माचे फळ: बेसबॉलमधील नियमबदलांचे तत्त्वचिंतन

खेळाचा त्याच्या नियमांशी असलेला संबंध समाजाच्या कायद्याशी असलेल्या संबंधाहून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा आहे. समाज कायद्याच्या आधीपासून असतो आणि कायदा त्याच्या व्यवहारांना वळण लावतो. खेळ मात्र नियमांच्या आधी अस्तित्वातच नसतो, कारण नियम काढून घेतले तर मागे केवळ धावणे, फेकणे आणि मारणे उरते. त्यामुळे खेळ चालवणारी संस्था जेव्हा नियमांवरच प्रयोग करू लागते, तेव्हा व्यवस्थापनाच्या सोयीपलीकडचा एक प्रश्न उभा राहतो: जो नियम उद्या मागे घेतला जाईल असे तो घडवणारेच सांगतात, तो आज बंधनकारक कसा ठरतो, आणि त्याच्या अमलात मिळालेले यश वा आलेले अपयश कितपत खरे मानायचे? अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलने गेल्या काही वर्षांत हा प्रश्न जितक्या उघडपणे समोर आणला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या खेळाने आणला असेल. तेथील सर्वोच्च स्पर्धा चालवणाऱ्या मेजर लीग बेसबॉलने २०१९ मध्ये अटलांटिक लीग या स्वतंत्र स्पर्धेशी करार केला आणि आपल्याला आजमावून पाहायचे असलेले नियम त्या स्पर्धेच्या प्रत्यक्ष सामन्यांत लागू करण्याची सोय करून घेतली.

या बदलांचे मर्म समजण्यासाठी खेळाची मूळ रचना ध्यानात घ्यावी लागते. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, माउंड नावाच्या मातीच्या उंचवट्यावरून ६० फूट ६ इंच अंतरावरील होम प्लेटच्या दिशेने चेंडू फेकतो आणि बॅटर तो टोलवू पाहतो. होम प्लेट १७ इंच रुंद असते, आणि तिच्यावर साधारणपणे बॅटरच्या गुडघ्यांपासून छातीपर्यंत कल्पिलेल्या अवकाशाला स्ट्राइक झोन म्हणतात. या अवकाशातून गेलेला पण बॅटरने सोडून दिलेला चेंडू, तसेच बॅट फिरवूनही हुकलेला चेंडू, यांना स्ट्राइक म्हणतात. अवकाशाबाहेरून गेलेल्या आणि सोडून दिलेल्या चेंडूला बॉल म्हणतात. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद होतो, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस मिळतो, आणि तीन बेस पार करून जो होम प्लेटवर परततो त्याची एक धाव होते.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९५५ मध्ये नियमांच्या दोन संकल्पनांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात याच खेळाचे उदाहरण घेतले होते. एखाद्या बॅटरने पंचाला आपल्यापुरते या वेळी चार स्ट्राइक द्या, कारण एकंदरीत तेच सर्वांच्या हिताचे होईल, असे सांगितले, तर ती विनंती कोणी गांभीर्याने घेणार नाही. कारण जो खेळात उतरला त्याला नियमाच्या उपयुक्ततेचा हिशेब प्रत्येक चेंडूला नव्याने मांडण्याची मुभा नसते. नियम चांगला आहे की नाही हा प्रश्न योग्यच आहे, परंतु तो प्रथेविषयीचा प्रश्न आहे, प्रथेच्या आत राहून करायच्या कृतीविषयीचा नव्हे. या भेदाची दुसरी बाजू बेसबॉलच्याच इतिहासात दिसते: १८८७ च्या हंगामात बॅटरला खरोखरच चार स्ट्राइक मिळत होते, आणि पुढच्याच वर्षी ती संख्या पुन्हा तीनवर आणली गेली. मैदानात उभ्या असलेल्या बॅटरला जे मागता येत नाही, तेच नियम करणाऱ्यांना हंगामापूर्वी देता येते. नियमाचे बंधन तो अचल असण्यातून येत नाही. तो अमलात असेपर्यंत दोन्ही पक्षांवर सारखाच लागू असतो, यातून ते येते.

पुढे १९८१ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात रॉल्स यांनी, एका विधिज्ञ मित्राशी झालेल्या संभाषणाचा आधार घेऊन, बेसबॉलचे नियम विलक्षण समतोल साधणारे असल्याचे म्हटले होते. मैदानाची मापे आणि माउंडचे अंतर मानवी कौशल्याला नेमके साजेसे आहे आणि ते आरंभापासूनच तसे आहे, असा त्या विचाराचा आशय होता. समतोलाविषयीचे हे निरीक्षण मार्मिक आहे, परंतु तो आरंभापासून होता हे मात्र इतिहासाला धरून नाही. चार बॉलचा नियम १८८९ मध्ये स्थिरावला आणि ६० फूट ६ इंचांचे अंतर १८९३ मध्ये ठरले. १९६८ मध्ये पिचरांचे वर्चस्व इतके वाढले, की बॉब गिब्सन या पिचरच्या खात्यात धरल्या जाणाऱ्या धावा दर नऊ डावांमागे सरासरी केवळ १.१२ होत्या. त्यानंतर १९६९ मध्ये माउंडची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली आणि स्ट्राइक झोनही लहान करण्यात आला. म्हणजे जो समतोल निसर्गदत्त वाटतो तो वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्यांचे फळ आहे, आणि मानवी शरीर, प्रशिक्षण व तंत्र बदलत राहिल्याने तो टिकवण्यासाठीही बदल करावे लागतात. तरीही सगळेच बदल समान योग्यतेचे ठरत नाहीत, आणि त्यांतला तरतम भाव ओळखण्यासाठी निकष लागतो.

असा एक निकष पूर्वमीमांसेच्या विधिविचारात सापडतो. मीमांसकांनी नियमविधी म्हणून विधीचा एक प्रकार सांगितला आहे: एकच कार्य अनेक साधनांनी होऊ शकत असताना त्यांपैकी एकाच साधनाचा अवलंब करण्याचे बंधन जो घालतो, तो नियमविधी. यज्ञासाठी साळीचे तूस काढायचे असते. ते नखांनीही सोलता येते, परंतु विधी उखळात कांडण्याचेच सांगतो. तूस निघणे हे दृष्ट फल दोन्ही मार्गांनी मिळते, पण नियम पाळल्याने जे अपूर्व, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पण कर्माला यज्ञाची योग्यता देणारे फल निर्माण होते, ते एकाच मार्गाने मिळते. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मधील आपल्या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली, की खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न, तिचा आशय याच्या बराच जवळ जातो. पहिल्या बेसवर पोहोचणे ही केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची क्रिया असती, तर तिला काहीच किंमत नसती. विहित अडचणीतून पोहोचल्यामुळेच ती कामगिरी ठरते. म्हणून प्रत्येक नियमबदलाला विचारायचा पहिला प्रश्न हा, की तो विहित अडचण राखतो, तिला नवे रूप देतो, की अडचण सोसल्याविनाच फळ हाती ठेवतो.

या कसोटीवर अलीकडचे बदल वेगवेगळे ठरतात. मेजर लीगने २०२३ पासून पिचरवर वेळेची मर्यादा घातली, बेस रिकामे असतील तर १५ सेकंद आणि एखादा खेळाडू बेसवर असेल तर त्या वर्षी २० सेकंद, आणि नऊ डावांच्या सामन्याची सरासरी लांबी एका वर्षात सुमारे ३ तास ४ मिनिटांवरून सुमारे २ तास ४० मिनिटांवर आली. या नियमाने पिचर आणि बॅटर यांच्या द्वंद्वातील कोणतेही साधन काढून घेतले नाही. दोन चेंडूंमधला रिकामा काळ तेवढा आटला. त्याच वर्षी बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच करण्यात आली आणि पिचरने बेसवरील खेळाडूला रोखण्यासाठी फेक थांबवण्याच्या संधींवर मर्यादा आली. त्यामुळे बेस चोरण्याचे, म्हणजे चेंडू फेकला जात असताना पुढच्या बेसकडे धाव घेण्याचे, जुने कौशल्य पुन्हा फुलले. बॅटर सहसा ज्या बाजूला चेंडू मारतो त्या बाजूला बेसजवळचे बहुतेक क्षेत्ररक्षक जमवण्याच्या डावपेचावर घातलेली बंदी मात्र अधिक विचार करायला लावते, कारण तिने बुद्धीने शोधलेला एक मार्ग बंद केला. नियमविधीही अन्य साधने वर्ज्य करतोच, परंतु वर्ज्य केलेल्या साधनाहून राखलेले साधन अधिक कौशल्याचे आहे हे दाखवण्याची जबाबदारी अशा वेळी नियम करणाऱ्यांवर येते.

सर्वांत गंभीर आक्षेप बरोबरी झालेल्या सामन्यांतील जादा डावांच्या नियमावर घेता येतो. २०१८ मध्ये दुय्यम स्पर्धांत आजमावलेला आणि २०२० पासून मेजर लीगमध्ये आलेला हा नियम सांगतो, की जादा डाव सुरू होताना फलंदाजी करणाऱ्या संघाचा एक खेळाडू आधीच दुसऱ्या बेसवर उभा असेल. सामना लांबू नये आणि पिचरांवर अतिरिक्त ताण पडू नये हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु भारतीय दर्शनांत कर्मविचाराच्या संदर्भात जे दोन दोष सांगितले जातात, त्यांपैकी अकृताभ्यागम, म्हणजे जे कर्म केलेच नाही त्याचे फळ पदरी पडणे, हा दोष येथे स्पष्ट दिसतो. त्या खेळाडूने ना चेंडू टोलवला, ना चार बॉल मिळवले, तरी तो धावेच्या अर्ध्या वाटेवर उभा आहे. बेसबॉलच्या नोंदपद्धतीलाही ही विसंगती जाणवते: असा खेळाडू धाव पूर्ण करतो तेव्हा ती संघाच्या खात्यात जमा होते, पण पिचरने दिलेली धाव म्हणून त्याच्या सरासरीत धरली जात नाही. शिवाय हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या सामन्यांत हा नियम लागू होत नाही. जो नियम निर्णायक सामन्यांत बाजूला ठेवावा लागतो, त्याने खेळाचे आंतरिक मूल्य जपले आहे असे म्हणणे कठीण आहे.

दुसरा दोष कृतप्रणाश, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ नष्ट होणे, आणि त्याचे उदाहरण २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे घडले. आर्मांडो गॅलारागा या पिचरने सलग २६ बॅटरांना पहिला बेस गाठू दिला नव्हता. सत्ताविसावा बॅटरही पहिल्या बेसवर बाद झाला होता, परंतु पंच जिम जॉइस यांनी तो सुरक्षित असल्याचा निर्णय दिला आणि सर्व २७ जणांना बाद करण्याचा दुर्मीळ विक्रम हुकला. चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली, गॅलारागाने ती उदारपणे स्वीकारली, पण निर्णय बदलला गेला नाही. २०१४ पासून अशा निर्णयांची चित्रफितीवरून फेरतपासणी करण्याची व्यापक सोय झाली, आणि स्ट्राइक झोनच्या यांत्रिक निर्णयाचा प्रयोग त्याच न्यायबुद्धीचा पुढचा टप्पा आहे. अटलांटिक लीगने २०१९ मध्ये रडारवर आधारित यंत्रणेचा निर्णय पंचाच्या कानापर्यंत पोहोचवण्याची पद्धत वापरली. दक्षिण कोरियाच्या व्यावसायिक स्पर्धेने २०२४ पासून सर्व चेंडूंचा निर्णय यंत्राकडे सोपवला.

परंतु या प्रयोगाने एक अनपेक्षित सत्य पुढे आणले. नियमपुस्तकातील शब्दांप्रमाणे त्रिमित अवकाशाच्या कडेला केवळ स्पर्श करणारा वळणारा चेंडूही यंत्राच्या लेखी स्ट्राइक ठरू लागला, आणि पिढ्यानपिढ्या बॅटर, पिचर व पंच ज्याला बॉल मानत आले होते असे चेंडू स्ट्राइक झाले. अखेर मेजर लीगच्या पद्धतीत झोनची व्याख्या नव्याने करावी लागली: बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर वरची सीमा, २७ टक्क्यांवर खालची सीमा, आणि मोजमाप होम प्लेटच्या मध्यावरील एका प्रतलात. म्हणजे यंत्राने आधीपासून सिद्ध असलेले सत्य केवळ उघड केले नाही. ते सत्य काय मानायचे हे माणसांनाच आधी ठरवावे लागले. लिखित नियम आणि आचारात रुजलेला नियम यांतील अंतर नाहीसे करता येते, परंतु ते कोणत्या बाजूने नाहीसे करायचे हा निर्णय कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. २०२६ च्या हंगामासाठी स्वीकारलेल्या पद्धतीत प्राथमिक निर्णय पंचाचाच राहतो आणि पिचर, होम प्लेटमागे चेंडू झेलणारा कॅचर किंवा बॅटर यांना तो यंत्राकडे तपासून घेण्याचा मर्यादित हक्क मिळतो. प्रत्येक संघाला असे दोन दाद-अर्ज मिळतात आणि दाद खरी ठरली तर ती संधी खर्च होत नाही. कृतप्रणाश टाळायचा, पण मानवी निर्णयाची जबाबदारी पुसून टाकायची नाही, असा मध्यम मार्ग यात आहे, आणि म्हणूनच तो आदरास पात्र आहे.

येथपर्यंतचा विचार नियमांच्या आशयाचा झाला. प्रयोग ज्यांच्यावर होतो त्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०२१ च्या हंगामाच्या उत्तरार्धात अटलांटिक लीगमधील माउंड एक फूट मागे, म्हणजे ६१ फूट ६ इंचांवर नेण्यात आला. अपेक्षित परिणाम दिसला नाही आणि जुने अंतर परत आले. नियम करणाऱ्यांसाठी ती एक नोंद होती, पण वरच्या स्पर्धेत पोहोचण्याची धडपड करणाऱ्या पिचरसाठी ते त्याच्या उमेदीच्या मोजक्या हंगामांपैकी एका हंगामाचे अर्धे आयुष्य होते, आणि धोक्यात होता तो त्याचा खांदा, त्याचा कोपर. त्याच वर्षी मेजर लीगच्या दुय्यम स्पर्धांत वेगवेगळ्या स्तरांवर वेगवेगळे प्रयोग झाले, तेव्हा तेथील खेळाडूंची संघटनाही नव्हती. मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत त्यांचा समावेश सप्टेंबर २०२२ मध्ये झाला. त्याच महिन्यात मेजर लीगचे नियम ठरवणाऱ्या अकरा सदस्यांच्या समितीतील चारही खेळाडू-प्रतिनिधींनी वेळेच्या मर्यादेला आणि क्षेत्ररचनेवरील बंदीला विरोध केला, तरी बहुमताने दोन्ही नियम संमत झाले. वेळेचा नियम परिणामी चांगला ठरला हे खरे; परंतु चांगला परिणाम संमतीची जागा घेऊ शकत नाही, कारण माणसाला साधन म्हणून वापरल्याचा दोष निष्कर्ष उपयोगी ठरल्याने धुऊन जात नाही.

यावरून प्रायोगिक नियमाच्या न्याय्यतेच्या तीन अटी निघतात. बदल खेळाबाहेर, चढाओढ सुरू होण्यापूर्वी ठरलेला असावा आणि दोन्ही पक्षांवर सारखा लागू व्हावा. त्याने कर्म आणि फळ यांचा संबंध तोडू नये, म्हणजे न केलेल्याचे फळ देऊ नये आणि केलेल्याचे हिरावू नये. आणि ज्यांच्या शरीरावर व उपजीविकेवर तो आजमावला जातो, त्यांना तो नाकारण्याचा खरा अधिकार असावा. पहिली अट बेसबॉलने बहुतांशी पाळली, दुसरी काही नियमांत पाळली आणि काहींत मोडली, तिसरी मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. नियम तात्पुरता आहे हे आधीच प्रामाणिकपणे सांगणे ही नियमाची अप्रतिष्ठा नव्हे; उलट, आपली समजूत अपुरी असू शकते याची ती कबुली आहे आणि धर्मशास्त्रापासून राज्यघटनेपर्यंत नियम करणाऱ्या प्रत्येकाला तिची गरज असते. परंतु त्या कबुलीची किंमत केवळ खालच्या पायरीवरच्या खेळाडूने मोजायची असेल, तर ती अपुरीच राहते. नियम घडवणाऱ्यांनी त्या खेळाडूला आपल्या बरोबरीने निर्णयात बसवले, तरच प्रयोगातून आलेल्या नियमाला सर्वांनी पाळावे असे सांगण्याचा नैतिक अधिकार त्यांना लाभतो.