भाषेचा तराफा



खेड्यातल्या मराठी शाळेत पहिला नंबर काढणारे आपले लेकरू शहरातल्या कॉलेजात जाते आणि मागच्या बाकावर मुके होऊन बसते. शिकवणे इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत. चार महिन्यांनी ते घरी येऊन म्हणते, "मला डोकेच नाही." आईबापांनो, यावर विश्वास ठेवू नका. डोके आहे, आड आली आहे ती भाषा.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्षूंनी भगवंतांकडे तक्रार केली, की नाना जातींचे, नाना कुळांचे भिक्षू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवतात. तेव्हा ते छंदस् भाषेत बांधावे. भगवंतांनी त्या दोघांनाच दोष दिला आणि बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. ज्ञानाच्या दारावर भाषेचा पहारेकरी बसवणे तथागतांना मान्य नव्हते.

मग इंग्रजी टाकून द्यावी काय? मुळीच नाही. पूज्य बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही. फारसी घ्यावी लागली. पुढे १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि इंग्रजीतून शिकले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला. पण १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत, आणि १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या त्याही मराठीत. त्यांनी एकीसाठी दुसरी सोडली नाही.

२०२१ साली अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह आठ भारतीय भाषांतून देण्याची मुभा मिळाली. हे योग्यच झाले. परंतु सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीत चालते. स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालून जे तुम्हांला 'मराठी पुरे' असे सांगतात, त्यांना विचारा : मग तुमच्या मुलांना ती का पुरत नाही?

तथागतांनी धम्मालासुद्धा तराफ्याची उपमा दिली. तराफा नदी ओलांडण्यासाठी. पलीकडे गेल्यावर डोक्यावर घेऊन मिरवण्यासाठी नव्हे. मग इंग्रजीची काय कथा?

म्हणून रविवारी विहारात वंदनेनंतर एक तास ठेवा. कॉलेजात पुढे गेलेल्याने नव्या मुलाला धडा आधी मराठीत समजावून द्यावा, मग तोच इंग्रजीत वाचून घ्यावा. वर्गात कळले नाही तर मराठीत विचारावे. विचारणे हा अपराध नाही. आणि शिकलेल्या मुलांनो, आईच्या बोलीला हसू नका. तिच्या मजुरीतूनच तुमची फी भरली गेली आहे.

जयभीम.